दर २८ दिवसांनी पोटात सुई: चार स्टार

वय ४२, पतसंस्थेत रोखपाल. स्तनाचा कॅन्सर हाडांत उतरलाय, हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे इस्ट्रोजेन या बायकी हार्मोनवर वाढणारा. पाळी चालू होती म्हणून ओव्हरी बंद ठेवणारं गोसेरेलिन ३.६ मिलिग्रॅमचं इंजेक्शन सुरू झालं. परवा हॉस्पिटलच्या डे केअरला पंधरावं घेतलं, हे स्टार त्या डे केअरला.

सुई जाड आहे, खोटं कशाला सांगू. बेंबीच्या खाली, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. आत तांदळाच्या दाण्याएवढी गोळी राहते आणि महिनाभर औषध सोडते. इथल्या सिस्टर आधी बर्फ लावतात, "ताई, श्वास सोडा" म्हणतात आणि तेवढ्यात काम उरकतात. हाताला पैकीच्या पैकी मार्क. साडी मात्र नेसून जाऊ नका.

औषध मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीला गप्प करतं, मग ओव्हरीला इस्ट्रोजेन बनवायचा हुकूमच पोचत नाही. पहिल्या डोसला आधी हार्मोनची थोडी उसळी येते, दोन-तीन आठवड्यांनी सगळं थंडावतं. मी सोबत रोज लेट्रोझोल घेते, ओव्हरीबाहेर शरीरात बनणारं इस्ट्रोजेन कमी करणारी गोळी. ओव्हरी जागी असेल तर एकट्या लेट्रोझोलचा उपयोग नाही, म्हणून इंजेक्शन वेळेवरच हवं.

एक स्टार कापला तो इथेच. काउंटरवर सरळ "पुढच्या महिन्यात याच तारखेला" लिहून देतात. अहो, २८ दिवस म्हणजे चार आठवडे, वार बदलत नाही! माझा मंगळवार. व्याजाचे दिवस मोजण्यात आयुष्य गेलं, मला कोण फसवणार? तरी दिवाळीत "माल आला नाही" म्हणून पाच दिवस लटकवलं. नंतर रक्तातलं इस्ट्रॅडिऑल (मुख्य इस्ट्रोजेन) तपासलं, खालीच होतं, नशीब. आता आठवडाभर आधी फोन करून माल आलाय का विचारते.

ओव्हरी बंद पडल्यानं येणाऱ्या गरम वाफांचा दोष डे केअरचा नाही. नोटा मोजता मोजता मानेवरून घाम ओघळतो, गिऱ्हाईक विचारतं, "मॅडम, पंखा वाढवू?" सकाळी बोटं आखडलेली असतात. पाळी गेल्यावर होतं तसंच हे, म्हणून सासूबाई म्हणतात, "मला पन्नाशीत झालं, तुझी घाई बघ." हसतो दोघी.

दुर्बिणीतून ओव्हरी काढून टाकायचाही पर्याय आहे. स्तनाच्या कॅन्सरसाठी ओव्हरी काढणं ग्लासगोच्या बीटसन या सर्जननं १८९६ मध्येच मांडलं होतं. एकदाच खर्च, तारखांची कटकट नाही, पण परत फिरता येत नाही. मिस्टर म्हणतात काढून टाक. मी अजून सोळाव्याचा मंगळवार धरून बसलेय.