दुकानामागची खोली की वेगळे गोदाम?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील अनेक खतविक्रेते दुकानामागच्या खोलीतच सारा माल ठेवतात. माल नजरेसमोर राहतो आणि हमाली वाचते, ही सोय खरी आहे. पण ठिबकसाठी लागणारे १३:०:४५, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, अशा खोलीत गंधकाच्या पोत्याला टेकून, डिझेलच्या कॅनशेजारी ठेवलेले मी पाहिले, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. नायट्रेट स्वतः पेट घेत नाही, परंतु लागलेल्या आगीला प्राणवायू पुरवते. त्यामुळे ती गुदमरवून विझत नाही, भरपूर पाणीच लागते.

वेगळ्या गोदामाला भाडे पडते, फेऱ्याही वाढतात. तरीही कोरडी सिमेंटची जमीन, खेळता वारा, भिंतीपासून अंतर राखून रचलेली थप्पी आणि कीटकनाशकांसाठी स्वतंत्र कुलूपबंद खोली तेथेच जमते. खानापूरच्या पावसात तर कॅल्शियम नायट्रेटचे फाटके पोते हवेतली ओल ओढून पाझरू लागते. सांडलेले नायट्रेट लाकडाच्या भुशाने टिपू नये, स्वच्छ कोरड्या फावड्याने वेगळ्या पिशवीत भरावे.

माझा कौल गोदामालाच आहे. ते परवडत नसेल, तर निदान गंधक आणि डिझेल आजच त्या खोलीबाहेर काढावे.