आरपीएम मीटरचं ड्राइव्ह रिपेअर किट: पिनियन चांगलं, ओ-रिंग बदलून घ्या

मोटारसायकलच्या, केबलवर चालणाऱ्या आरपीएम मीटरच्या ड्राइव्हसाठीचं (इंजिनातून केबल फिरवणाऱ्या भागासाठीचं) हे किट. पाकिटात पिनियन (छोटं दातेरी चाक), ऑइल सील, ओ-रिंग (रबरी कडं) आणि थ्रस्ट वॉशर (पिनियनच्या शाफ्टवरची चकती) एवढंच येतं. होल्डर, म्हणजे पिनियन ज्यात बसतं तो भाग, जुनाच वापरायचा. वस्तू कामाची आहे, पण काटा मेला की लगेच मागवावी अशी नाही. बऱ्याचदा केबलच तुटलेली असते.

आधी मीटरच्या बाजूची केबल सोडा आणि गाडी न्यूट्रलला, आयडलवर चालू करा. इनर, म्हणजे केबलच्या आतली तार, फिरत असेल तर दोष मीटरमध्ये. फिरत नसेल तर इंजिन बंद करून इनर ओढून पाहा. तुटते ती बहुधा टोकाजवळच. अख्खी निघाली तर खालचं टोकही सोडा, ड्राइव्हच्या खाचेत टॉर्च मारा आणि प्लग काढून हाताने हळू किक दाबा. खाच जागची हलली नाही तर पिनियनचे दाते गेले. फसवतो तो दुसराच प्रकार: खाच मोकळी फिरते, केबल लावली की थांबते. अर्धवट झिजलेले दाते भार येताच निसटतात. म्हणून किक दाबताना खाचेत स्क्रूड्रायव्हरने हलका अडथळा देऊन बघाच.

नायलॉनचं पिनियन उगाच जात नाही. केबल कोरडी असते, कुठेतरी तिला तीव्र बाक असतो, नाहीतर मीटर जाम होत आलेलं असतं. हे न बघता नवं टाकलं तर तेही जाणार. मीटर तपासायला केबल त्याला जोडून इनरचं खालचं टोक ड्रिलमध्ये धरा. काटा शून्याकडेच दाबला गेला तर ड्रिल उलटं फिरवा. 1:4 रेशोच्या मीटरवर (केबलची एक फेरी म्हणजे इंजिनच्या चार) मिनिटाला 500 फेऱ्यांना काटा 2000 च्या आसपास यायला हवा. ग्रीस इनरच्या खालच्या दोन-तृतीयांश भागालाच, पातळ थरात. वर लावलं तर ते चढून मीटरमध्ये जातं.

आता किटबद्दल. पिनियनचे दाते स्वच्छ कापलेले आहेत, कडांना भुसा नाही. सीलही ठीक, स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवून, ओठाला ग्रीस लावून, जुनं होतं तितक्याच खोलीवर बसवा. ओ-रिंग मात्र कडक आहे, होल्डरभोवती तेल पाझरणारच. त्याच मापाची नायट्राइल (तेलाला टिकणाऱ्या रबराची) रिंग वेगळी घ्या. वॉशरची जाडी जुन्याशी व्हर्नियरने ताडून बघा. जाड पडला तर शाफ्ट आवळतो.

दाते तिरके असल्याने बसताना पिनियन थोडं आपोआप वळतं. ठोकायचं नाही. होल्डरचा बोल्ट 6 मिमीचा असेल तर 8 ते 10 न्यूटन-मीटर पुरे.

सोबत माहितीपत्रक नाही, ही मोठी उणीव. तुटलेल्या दात्यांचे तुकडे तेलाबरोबर खाली उतरतात. तेव्हा किट बसवायच्या आधी ऑइल काढून तेल गाळणारी जाळी साफ करून घ्या.