इक्थिओसॉर जमला, मोसासॉर फसला: सागरी सरीसृपांच्या खेळण्यांचा संच

भाचीच्या आठव्या वाढदिवसाला घेतलेला हा रबरी खेळण्यांचा संच गेले तीन आठवडे आमच्याकडे, मुख्यतः न्हाणीघरातल्या टबात, वापरात आहे. नऊशे रुपयांत इक्थिओसॉर, प्लेसिओसॉर, मोसासॉर आणि एक घडीची माहितीपत्रिका मिळते. खोक्यावर ठळक अक्षरांत 'समुद्री डायनासोर' असे छापले आहे. प्रत्यक्षात यांपैकी एकही डायनासोर नव्हता, आणि मोसासॉर तर घोरपडी व सापांच्या नात्यातला होता.

संचातला सर्वांत सरस प्राणी म्हणजे इक्थिओसॉर. प्रथमदर्शनी तो डॉल्फिनच वाटतो, परंतु डॉल्फिनच्या शेपटीचा पर आडवा असतो आणि याचा माशासारखा उभा आहे, हे घडवणाऱ्याने नेमके टिपले आहे. या प्राण्याच्या पाठीचा कणा टोकाशी खाली वळून पराच्या खालच्या पाळीत शिरतो. सुरुवातीच्या अभ्यासकांना ती मोडलेली शेपटी वाटली होती, आणि जर्मनीतील होल्झमाडेनच्या काळ्या शेल खडकात त्वचेच्या बाह्यरेषेसह जीवाश्म सापडले तेव्हा कुठे पराचा खरा आकार स्पष्ट झाला. पाठ गडद आणि पोट फिकट ठेवले आहे, तेही 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्वचेच्या अभ्यासाशी जुळते.

प्लेसिओसॉरची मान मात्र हंसासारखी वर वळवलेली आहे. एलास्मोसॉरस या प्लेसिओसॉरच्या मानेत सत्तरहून अधिक मणके असले, तरी एवढी जड मान पाण्याबाहेर अशी उभारणे त्याला शक्य नव्हते. अर्थात, कॅन्ससमध्ये सापडलेल्या याच प्राण्याचा सांगाडा जुळवताना एडवर्ड कोप या नामांकित अभ्यासकाने डोके चक्क शेपटीच्या टोकाला बसवले होते. त्या मानाने ही चूक किरकोळ म्हणावी लागेल.

खरी निराशा मोसासॉरने केली. त्याची शेपटी मगरीसारखी निमुळती आहे, वास्तविक जॉर्डनमधील एका जीवाश्मावरून मोसासॉरच्या शेपटीलाही पर होता हे 2013 मध्येच दाखवून देण्यात आले आहे. जबडा उघडून पाहिल्यास टाळू गुळगुळीत लागतो; भक्ष्य घशाकडे ढकलणारे टाळूवरचे दात गायब आहेत. शिवाय तिन्ही खेळणी वीतभर लांबीचीच. होल्झमाडेनचा इक्थिओसॉर साधारण तीन मीटरचा, तर मोसासॉरस बारा मीटरहून मोठा होत असे, याचा मुलांना पत्ताच लागत नाही. खोक्यावरच्या चित्रात मोसासॉर इक्थिओसॉरच्या मागे लागला आहे, पण होल्झमाडेनचे इक्थिओसॉर आणि मोसासॉरस यांच्यात दहा कोटींहून अधिक वर्षांचे अंतर आहे.

माहितीपत्रिका युरोप-अमेरिकेपलीकडे जात नाही. कच्छमधील लोडाई गावाजवळ सापडलेला, सुमारे साडेपाच मीटर लांबीचा इक्थिओसॉर 2017 मध्ये जाहीर झाला, त्याचा उल्लेख हवा होता. सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हारूपाने वाहत होता तेव्हा समुद्रात मोसासॉर पोहत होते, ही एक ओळसुद्धा इथल्या मुलांना पुरेशी रंजक वाटली असती.

रबर मऊ आणि मजबूत आहे, वास दोन दिवसांत गेला. प्लेसिओसॉरच्या दातांचा रंग मात्र पहिल्याच आठवड्यात उडाला. इक्थिओसॉर सुटा मिळत असल्यास तेवढाच घ्यावा. मोसासॉरला भाचीने पुठ्ठ्याचा पर कापून चिकटवला आहे. तो एका अंघोळीपुरता टिकतो.