‘४० टक्के कमी साखर’वाला रस: पाच महिने पिऊन आणि मोजून

सप्टेंबरात कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझं एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारी चाचणी, ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, मधुमेहाचा उंबरठा. डॉक्टर म्हणाले, गोळी नको, चालणं वाढवा, गोड आवरा. चहातली साखर आठवड्यात सुटली. अडलं ते रसापाशी. नाशिकच्या सातपूरला फर्स्ट शिफ्टला निघताना संत्र्याचा रस घ्यायचा, ही वीस वर्षांची सवय. म्हणून दुकानातून कमी साखरेचं खोकं आणलं. लिटरमागे ४० रुपये जास्त.

चव? पहिल्या घोटाला पातळ, मागून स्टीव्हियाचा, म्हणजे साखरेऐवजी घातलेल्या गोड पानांच्या अर्काचा, कडसर गोडवा. चार दिवसांत जीभ सरावली.

खरा धक्का ग्लुकोमीटरने दिला. एका रविवारी रक्तातली साखर उपाशीपोटी १०६ होती, रस प्यायल्यावर पाऊण तासाने १६८! खोक्यावरच्या आकड्याला शिव्या घालत बसलो होतो, तेवढ्यात बायको म्हणाली, “अहो, तुमचा पेला किती मिलीचा आहे ते तरी बघा आधी.” भाच्याच्या दुधाच्या बाटलीने मोजलं. आमचा स्टीलचा पेला ३२० मिलीचा निघाला. रसात १०० मिलीला ६.३ ग्रॅम साखर, म्हणजे पेल्यात २० ग्रॅम. त्याच कंपनीच्या साध्या रसात १०० मिलीला १०.५ ग्रॅम, म्हणजे २०० मिलीच्या ग्लासात २१. महिनाभर मी जास्तीचे पैसे मोजून जवळपास तेवढीच साखर पीत होतो. ‘कमी आहे ना’ म्हणून पेला काठोकाठ भरायचो, हेही कबूल करतो.

मग नीट मोजायला घेतलं. प्रत्येक वेळी उपाशीपोटी, २०० मिली, पाऊण तासाने, तीन-तीन वेळा. साधा रस: १७० ते १७६. कमी साखरेचा: १४५ ते १५१. दोन अख्खी संत्री: १३० च्या आसपास, आणि गंमत म्हणजे त्यांतली साखर कमी साखरेच्या ग्लासापेक्षा जास्तच असावी. चोथा आणि चावणं यांमुळे ती हळूहळू उतरते. रस मात्र पोटात फार थांबत नाही. घरचं मीटर १५ टक्के इकडेतिकडे दाखवू शकतं, त्यामुळे दोन-चार अंकांवर भांडू नका.

सगळ्यात चांगला निकाल लागला तो १०० मिली रस अंड्याच्या पोळ्यानंतर घेतल्यावर. वाढ जेमतेम. मिसळीबरोबर घेतला त्या रविवारचा आकडा इथे लिहीत नाही, त्यात रसापेक्षा पावाचा हात मोठा होता.

एक गोष्ट मीटरला दिसतच नाही. ते फक्त ग्लुकोज मोजतं. फळातल्या साखरेचा मोठा भाग फ्रुक्टोज असतो आणि ते बहुतेक यकृताकडे जातं. नेहमी जास्त झालं तर तिथे चरबी साठू शकते. त्यामुळे १४५ दिसलं म्हणून दिवसातून तीनदा प्यायची मुभा मिळत नाही.

‘नो ॲडेड शुगर’ आणि ‘कमी साखर’ या दोहोंत घोळ करू नका. पहिल्यात वरून साखर घातलेली नसते, फळाची असते ती तशीच राहते. द्राक्षांच्या गावात राहून मला हे उशिरा कळावं! १०० मिली द्राक्षरसात काही न घालताही १५ ग्रॅमच्या आसपास साखर असते. २०२४ च्या जूनमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, कंपन्यांना ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावाही लेबलवरून काढायला सांगितलं. खोक्याची पाठ वाचा, आणि तिथला आकडा १०० मिलीचा की एका ग्लासाचा तेही.

फेब्रुवारीत एचबीए१सी ५.८ आलं. श्रेय रसाला देणार नाही. याच काळात रात्री जेवून कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर अर्धा तास चालत होतो, वजन तीन किलोने उतरलं.

खोकं अजून आणतो, पण महिन्याला चारऐवजी दोन. स्टीलचा पेला आता ताकासाठी ठेवलाय, रसाला मुलीचा जुना दुधाचा कप आहे, त्यावर १०० ची खूण मार्करने केली आहे. परवा दिंडोरीहून मामेभावाने द्राक्षांची पेटी पाठवली. बायकोने वाटीत पंधरा मणी मोजून दिले. मी सोळावा उचलला, तिने बघितलं.