गेट्झ/जिल्बर्टो : आधी हेडफोन लावा, मग बोला

बोसा नोव्हा, म्हणजे ब्राझीलच्या नाचऱ्या सांबा संगीतातून निघालेला हळुवार प्रकार, म्हटलं की मला कित्येक वर्षं एकच गाणं माहीत होतं, 'द गर्ल फ्रॉम इपानिमा', तेही फोन होल्डवर असताना नाहीतर लिफ्टमध्ये वाजणारं, छान आहे पण ठीक आहे एवढंच मत. मग एका रविवारी 'गेट्झ/जिल्बर्टो' हा अल्बम अख्खा लावला आणि पहिल्याच गाण्याला दचकलो, अरे गाणं तर तेच, पण हा कोण बाप्या पोर्तुगीजमध्ये गातोय?? नेहमी इंग्रजीत गाणारी ती अस्त्रुद जिल्बर्टो कुठे गेली? येते हो ती, जरा वेळाने. झालं असं की १९६४ मध्ये या गाण्याचं सिंगल, म्हणजे सुटी रेकॉर्ड, काढताना तिच्या नवऱ्याने, म्हणजे जोआओ जिल्बर्टोने गायलेलं पोर्तुगीज कडवंच कापलं होतं, आणि मी इतकी वर्षं ते कापलेलंच ऐकत होतो.

आणि खरा माल तर त्या बाप्याकडेच आहे. हेडफोन लावून फक्त त्याची गिटार पकडा. अंगठा खर्जाच्या तारांवर संथ धम्म धम्म चालतो तो सांबाचा सुर्दो, म्हणजे पोटात घुमणारा तो मोठा ढोल, आणि बाकीची बोटं वर जे तुटक तुटक खेचतात ती तांबोरींची चाल, छोटंसं चामडी वाद्य असतं, काडीने वाजवतात. म्हणजे अख्खं पथक एकट्याने मांडीवर घेतलंय, तेही शेजाऱ्याची झोप मोडणार नाही अशा आवाजात! वर गाताना हा माणूस ठेक्यावर बसतच नाही, ओळ उशिरा सोडतो, मग घाईघाईत शब्द कोंबतो, वाटतं गेली आता सम, आणि बरोब्बर येऊन टेकतो. मी तीनदा मागे जाऊन मोजलं.

ब्राझीलचा संगीतकार जोबिम, त्याचा पियानो अगदी मोजका, त्याच्याच चाली आहेत बहुतेक, पण मिरवत नाही. तक्रार एकच, अमेरिकन जॅझवाल्या स्टॅन गेट्झचा सॅक्सोफोन. गोड आहे, नाही कोण म्हणतं, पण गिटार कुजबुजत असताना हा मोठ्याने बोलतो. १९६५ मध्ये अल्बम ऑफ द इयरचं ग्रॅमी मिळालंय याला, तेव्हा माझं कोण ऐकतंय म्हणा. रेकॉर्डिंग न्यूयॉर्कचं, मार्च १९६३, आठच गाणी, पाऊण तासही लागत नाही.

पाचपैकी साडेचार. अर्धा सॅक्सोफोनने खाल्ला.

आवडलं तर इथेच थांबू नका, पुढे सांबाचा गायक-संगीतकार कार्तोला ऐका. रिओच्या मांगेइरा या सांबा स्कूलच्या, म्हणजे कार्निव्हलला मिरवणूक काढणाऱ्या मंडळाच्या, संस्थापकांपैकी एक, १९२८ ची गोष्ट, आणि स्वतःचा पहिला अल्बम आला १९७४ ला, वय ६५! आवाजात ते वय ऐकू येतं. एक सूचना, सांबात मधेच पिल्लू केकाटल्यासारखं काहीतरी वाजलं तर घाबरू नका, ती कुईका, ढोलाच्या आत कातड्याला काडी लावलेली असते ती ओल्या फडक्याने घासतात. आमच्याकडे पहिल्यांदा वाजली तेव्हा सगळे खिडकीतून खाली बघत होते.