मोठ्या वळणाचे रूळ (आर-56): काही महिने गाडी पळवल्यानंतर

लेगोच्या ट्रेनचा पहिला सेट घरात आला की पुढची खरेदी बहुतेकांची ठरलेली असते: दुसरं इंजिन. मी दुसऱ्या इंजिनाचे पैसे वळणांवर घातले. बाहेरच्या एका कंपनीचे आर-56 चे रूळ घेतले, पूर्ण वर्तुळाचे. पैसे वाया गेले का? नाही. तुम्हीही दुसऱ्या इंजिनाआधी वळणंच घ्या असं सांगेन. पण या रुळांचा जोड हा असा प्रकार आहे की त्यावर लिहिल्याशिवाय मला झोप लागणार नाही. असे रूळ विकणाऱ्या छोट्या कंपन्या बऱ्याच आहेत, त्यामुळे नावात जात नाही. पाकीट कोणाचंही असो, जोड तपासून घ्या.

आधी वळणं का घेतली ते सांगतो. सेटमधलं वळण आर-40 असतं, म्हणजे रुळाच्या मध्यापर्यंत त्रिज्या 40 स्टड. स्टड म्हणजे लेगोच्या विटेवरचा गोल उंचवटा; एकापासून पुढचा 8 मिमीवर, त्यामुळे त्रिज्या 32 सेंमी. एक तुकडा साडेबावीस अंशांचा, सोळा तुकड्यांत वर्तुळ पुरं. वर्षानुवर्षं मूळ कंपनीने वळणाचा साधा रूळ याच एका त्रिज्येत दिला आहे. लेगोचे दोन रूळ एकमेकांपासून साधारण 38 मिमीवर असतात. ते खऱ्या रेल्वेच्या 1435 मिमी गेजशी ताडून बघा: आपलं हे वळण खऱ्या जगात जेमतेम 12 मीटर त्रिज्येचं निघतं. खऱ्या गाड्यांच्या मुख्य मार्गावर हाच आकडा शेकडो मीटरमध्ये असतो. म्हणून लांब डबा वळणावर गेला की त्याचा मध्य आत घुसतो, टोकं बाहेर लटकतात आणि शेजारी उभं केलेलं सिग्नल आडवं होतं.

आर-40 चा खरा जाच दुसरा रूळ टाकताना कळतो. आतल्या वर्तुळाला समांतर बाहेरचं वर्तुळ हवं असेल तर त्रिज्या मोठी लागते, आणि मोठी त्रिज्या मूळ कंपनीच्या डब्यात नाही. वाकणारे फ्लेक्सी रूळ लावून बघणारे असतात. त्यांना एवढंच सांगतो की ते चार-चार स्टडचे तुकडे आहेत, आणि जितके तुकडे तितके जोड, तितका खडखडाट. 60205 या जादा रुळांच्या पाकिटात आठ सरळ रूळ आणि बारा फ्लेक्सी येतात. त्यातले सरळ कामाचे. फ्लेक्सी कुठेतरी अर्धा स्टड जुळत नसेल तिथे ठिगळ लावायला ठीक.

बाहेरच्या कंपन्या त्रिज्या सोळाच्या पटीने वाढवतात: 56, 72, 88, 104. हा सोळा आकडा उगाच आलेला नाही. स्विच म्हणजे एका रुळाचे दोन रूळ करणारा तुकडा. त्याच्या फाट्याला एक साधं वळण जोडलं की बाजूचा रूळ मूळ रुळापासून बरोबर 16 स्टडवर समांतर येतो, आणि सरळ रुळाची लांबीही 16 स्टडच आहे. म्हणजे आत 40, बाहेर 56 ठेवलं की दोन्ही रूळ सगळीकडे सारख्या अंतरावर धावतात आणि सरळ भागात स्विच कुठेही बसतो. जागा किती लागते तेही लिहून ठेवा. स्लीपरच्या, म्हणजे रुळाखालच्या आडव्या पट्टीच्या, बाहेरच्या कडेपर्यंत मोजलं तर आर-40 चं वर्तुळ 70.4 सेंमी, आर-56 चं 96 सेंमी, आर-72 चं 121.6 सेंमी. प्रत्येक बाजूला दोन-दोन सरळ रूळ घातले की आर-56 चा लंबगोल 96 बाय 122 सेंमीच्या आसपास जातो. टेबल घेण्याआधी हे मोजा. रूळ आधी घेऊन नंतर टेबल शोधत फिरणं महागात पडतं.

आता जोड.

मी घेतलेले रूळ साच्यात ओतलेले नाहीत, थ्रीडी प्रिंट केलेले आहेत. दिसायला झकास. करडा रंग मूळ रुळाच्या इतका जवळ की दोन हात लांबून फरक कळत नाही. पण दोन तुकडे एकमेकांत दाबून बसवले आणि जोडावरून नख फिरवलं की नख अडतं. पायरी केसाएवढी, फट पोस्टकार्डाच्या जाडीची. हातात धरून बघताना यात काही वावगं वाटत नाही. गाडी सोडली की प्रत्येक जोडावर टक्. पुढचं चाक, मागचं चाक, पुढची बोगी (म्हणजे डब्याखालचा चाकांचा संच), मागची बोगी, सगळ्या डब्यांचं मिळून टकटक टकटक. कोणी म्हणेल खऱ्या रेल्वेलाही असा आवाज होता. होता, पण खऱ्या रेल्वेत जोडावर डबा सुटून मागे राहत नव्हता. इथे हलका रिकामा डबा पायरीवर उडी मारतो, डबे जोडणाऱ्या कपलरचे चुंबक सुटतात आणि अर्धी गाडी पुढे निघून जाते.

त्यात एक दिवस जीभ तुटली. या रुळांना एका बाजूला जीभ आणि दुसऱ्या बाजूला खाच असते. मांडणी बदलताना तुकडा ओढला आणि जीभ मुळापासून निघाली, अगदी गुळगुळीत, कापल्यासारखी. प्रिंट थरांवर थर चढवून होतं आणि दोन थरांमधली पकड ही त्या वस्तूतली सगळ्यात कच्ची जागा. जीभ अशा दिशेने छापली होती की ओढायचा सगळा जोर थरांच्या मधोमध येत होता. रोज जोडायच्या-काढायच्या भागात हे चालत नाही.

कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, फोटो पाठवा. पाठवला. मग व्हिडिओ पाठवा. तुटलेल्या प्लॅस्टिकचा व्हिडिओ! तोही काढला, टेबलावर पडलेली जीभ आणि शेजारी रूळ, संथ चित्रपटासारखा. मग विचारणा: पृष्ठभाग सपाट आहे का, जोडताना सरळ वरून दाबता का, रूळ उन्हात ठेवले होते का. मी पत्रात फक्त जिभेबद्दल न लिहिता पायरीबद्दलही लिहिलं होतं. त्यावर एक ओळ आली की "हे मर्यादेत आहे". कोणाची मर्यादा, किती मिलीमीटर, काही नाही. मी पुन्हा विचारलं, पुन्हा तीच ओळ. तिसऱ्यांदा विचारल्यावर बदली पाकीट पाठवतो म्हणाले.

पाकीट आलं, त्यात आर-72 चं पाव वर्तुळ. माझ्या 56 च्या वर्तुळात त्याचं काय करणार? कळवलं तर म्हणे ते परत पाठवा, पाठवणीचा खर्च तुमचा. मी साफ नाही म्हटलं. चूक त्यांची, टपालखर्च माझा, हे कोणत्या पुस्तकात लिहिलंय? बरेच दिवस शांतता. मग योग्य तुकडा आला, आणि सोबत निरोप, की ते 72 वालं ठेवून घ्या.

इथे माझं या रुळांबद्दलचं मत फिरलं, आणि ते जोडामुळे नाही, या फुकटात आलेल्या पाव वर्तुळामुळे. बाहेरच्या लंबगोलाच्या एका कोपऱ्यात 56 काढून 72 घातलं. कागदावर वाटतं की आता लंबगोल बंद होणार नाही. होतो! त्या कोपऱ्याने आडवी आणि उभी अशी दोन्हीकडे 16-16 स्टडची वाढ मागितली. 16 स्टड म्हणजे नेमका एक सरळ रूळ. मोठ्या कोपऱ्याला लागून असलेल्या दोन बाजू होत्या तशा ठेवल्या, त्यांच्या समोरच्या दोन बाजूंत एकेक सरळ रूळ वाढवला, बस्स. कुठे ओढाताण नाही, ठिगळ नाही. वर बोनस असा की त्या कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना आतला आणि बाहेरचा रूळ यांच्यात मोकळी जागा 8 स्टडवरून 24 स्टड झाली. तिथे आता स्टेशनचा फलाट आहे, दोन्ही बाजूंना गाड्या लागतात. टेबलाला मात्र दोन्हीकडे 13 सेंमी जास्त द्यावे लागले. त्यासाठी कडेला फळी ठोकली, ती रंगवायची राहिली आहे.

मांडणी आधी ब्लूब्रिक या फुकट सॉफ्टवेअरमध्ये करून बघा. त्यात रूळ ओढून जोडता येतात, तुकडे मोजता येतात, आणि कुठे फट राहते ते पैसे जायच्या आधी दिसतं. फक्त जोडाची पायरी त्यात दिसत नाही, अर्थातच.

पायरीवर मला सापडलेला इलाज सांगतो, कंपनीने काही सांगितलेलं नाही. रूळ उलटा करून टोकाची खालची कड बघा. छापताना सगळ्यात पहिला थर जरासा बाहेर पसरतो आणि तिथे बारीक ओठ तयार होतो. दोन रूळ जोडताना हे दोन ओठ आधी भिडतात, त्यामुळे वर फट राहते. नखं घासायची कानस घेऊन तो ओठ काढला की रूळ पूर्ण बसतो. फार घासायचं नाही, बोटाला कड लागेनाशी झाली की थांबा. मग जोडाच्या खाली लेगोची एक साधी चपटी प्लेट लावायची, दोन्ही रुळांना धरेल अशी, म्हणजे एक तुकडा वर आणि एक खाली राहत नाही. टक् पूर्ण गेलं का? नाही. पण गाडी सुटायची थांबली. काम कंटाळवाणं आहे, आणि विकत घेतलेल्या वस्तूवर ग्राहकाने कानस चालवावी हे मला अजूनही पटत नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. मोठ्या वळणाचा सगळ्यात मोठा फायदा मोटरला झाला. छोट्या वळणावर चाकांच्या कडा रुळाला घासत जातात आणि प्रत्येक डब्यागणिक ओढ वाढते. ज्या गाडीला आतल्या रुळावर दम लागतो तीच बाहेरच्या रुळावर दोन डबे जास्त घेऊन जाते. वाफेच्या इंजिनाची मोठी चाकं आवडणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्या. आर-40 वर अशी इंजिनं वळवण्यासाठी मधली चाकं बिनकडेची लावावी लागतात. 2023 मध्ये आलेली लेगोची ओरिएंट एक्स्प्रेस दिसायला राजेशाही, पण मोटरची सोय नाही. पहिल्या संग्रहात ती घेऊ नका. कपाटात ठेवायला गाडी नंतर घेता येते.

बॅटरीबाबत. 2018 पासूनच्या पॉवर्ड अपच्या (लेगोची मोटर-रिमोटची पद्धत) हबमध्ये, म्हणजे गाडीतल्या सेलच्या डबीत, सहा ट्रिपल ए सेल, रिमोटमध्ये चार. साधे सेल घालत राहिलात तर खेळण्यापेक्षा सेल महाग पडतील. चार्ज होणारे सेल 1.2 व्होल्टचे, म्हणजे सहाचे मिळून 9 ऐवजी 7.2 व्होल्ट. वेग थोडा कमी होतो. सुरुवातीला ते खटकलं, आता तेच बरं वाटतं, कारण कमी वेगात जोडावरचा टक् कमी लागतो. (बघा, पुन्हा जोडावरच आलो.)

जुने लोक 9 व्होल्टच्या, धातूची पट्टी असलेल्या रुळांची आठवण काढून उसासे टाकतात. ते 1991 मध्ये आले, रुळातूनच वीज जायची, सेलची कटकट नाही. खरं आहे. पण त्यात गाडी फिरून त्याच रुळावर उलट दिशेने परत आणणारा फेरा केला की शॉर्ट सर्किट व्हायचं, कारण डावा रूळ उजव्याला जाऊन मिळतो. सेलवाल्या गाड्यांना तो फेरा बिनधास्त करा. फक्त एक स्विच डावीकडे आणि लगेच दुसरा उजवीकडे असं जोडू नका, मध्ये एक सरळ रूळ तरी ठेवा, नाहीतर लांब डबा नागमोडीत हमखास उतरतो.

आणि जमिनीवर, गालिच्यावर मांडणी करणार असाल तर मोटरच्या आसाला केस गुंडाळले जातात. गाडी मंदावली की आधी सेल बदलू नका, गाडी उलटी करून चिमट्याने केस काढा.

नवीन घेणाऱ्याला माझा क्रम असा: एक मोटरची गाडी आणि तिच्यासोबतचं वर्तुळ. मग सरळ रूळ. मग एक डावा, एक उजवा स्विच. मग बाहेरचं मोठं वळण. दुसरी गाडी त्यानंतर, कारण ती पळवायला तोपर्यंत जागाच नसते. आर-88 ची मला हाव आहे, पण वर्तुळाला 147 सेंमी लागतात आणि घरात त्यावर चर्चा बंद आहे.

तारे द्यायचे तर वळणाला पाच, जोडाला दीड, ग्राहकसेवेला त्या चुकून आलेल्या पाकिटामुळे दोन. पाकीट आलं की त्याच दिवशी प्रत्येक जोडावरून नख फिरवा आणि अडेल त्या तुकड्यांचे फोटो काढून ठेवा. नंतर कळवलं की तुम्हीच ओढून तोडलं म्हणतात.