कर्वेनगरच्या डॉक्टरबाई: आधी तपासणी, मग औषध

कर्वेनगरात माझं पोळी-भाजी केंद्र आहे. पहाटे पाचपासून शेगडीपुढे उभी असते. मे महिन्यात दाढेसाठी सात दिवस अँटिबायोटिक घेतलं आणि आठवड्याभरात खाली अशी खाज सुटली की रात्र रात्र डोळ्याला डोळा लागेना. लघवीला आग. अंगावरून दह्यासारखं घट्ट पांढरं जायचं, वास मात्र नव्हता. वर्षातली ही तिसरी वेळ.

आधीच्या दोन्ही वेळांसारखीच याही वेळी मेडिकलमध्ये गर्दी ओसरेपर्यंत थांबले, हळू आवाजात सांगितलं आणि मिळाली ती ट्यूब लावली. दोन दिवस बरं वाटलं, मग दुप्पट त्रास. शेवटी बहिणीने या दवाखान्यात पाठवलं.

बाईंनी आधी नुसतं विचारलं, तेही साध्या मराठीत. माझी ट्यूब हातात घेऊन मागची बारीक अक्षरं वाचून दाखवली. बुरशीच्या औषधासोबत त्यात स्टिरॉइड होतं. त्याने खाज तेवढी दबते, बुरशीला उलट फावतं. जाहिरात बघून आणलेलं धुण्याचं लिक्विडही बंद करायला लावलं. बाहेरून साध्या पाण्याने धुवायचं, आत काही घालून धुवायचं नाही.

तपासताना प्रत्येक गोष्ट आधी सांगितली, मगच हात लावला. कापसाच्या काडीने स्राव घेऊन कागदी पट्टीला लावला. पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, चारच्या आसपास आला. बुरशी असेल तर तो साधारण साडेचारच्या आत राहतो. जिवाणूंमुळे होणाऱ्या त्रासात त्याच्यावर जातो, तेव्हा पातळ, राखाडी जातं आणि माशासारखा वास येतो. त्याचं औषधच वेगळं. मग काचेवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं आणि मलाही बोलावलं. बारीक धाग्यांसारख्या फांद्या दिसत होत्या. ही कॅन्डिडा नावाची बुरशी. पुष्कळ बायकांच्या अंगात ती थोडी असतेच. अँटिबायोटिकने तिला धाकात ठेवणारे चांगले जिवाणू मेले की ती वाढते. इतकी वर्षं मी हे माझ्या अस्वच्छतेमुळे होतं असं समजून साबणाने घासत होते. त्या दिवशी मला तिथेच रडू आलं.

वर्षात तिसरी वेळ म्हटल्यावर त्यांनी लगेच साखर तपासायला लावली. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, ७.९ निघालं. साडेसहापासून मधुमेह धरतात. मला पत्ताच नव्हता. साखर चढलेली असली की बुरशीला पोसायला आयतं मिळतं, हे रोज पीठ आंबवणाऱ्या बाईला वेगळं समजवावं लागलं नाही.

एरवी बुरशीवरच्या फ्लुकोनॅझोलची १५० मिलिग्रॅमची एक गोळी पुष्कळ जणींना पुरते. मला दर तीन दिवसांनी एक अशा तीन, आणि पुढे सहा महिने आठवड्याला एक दिली. साखरेच्या डॉक्टरांना ही गोळी चालू असल्याचं सांगा, असं चिठ्ठीवर ठळक लिहिलं, कारण मधुमेहाच्या काही गोळ्यांसोबत साखर एकदम उतरू शकते. नवऱ्याबद्दलही मी विचारलं. हा आजार लैंगिक संसर्गात धरत नाहीत, त्यांना काही त्रास नसेल तर औषध नको, असं उत्तर मिळालं.

तक्रार एकच, पण मोठी. काउंटरवर सगळ्यांसमोर 'काय होतंय?' असं मोठ्याने विचारतात. ज्या बाईला इथवर यायलाच धीर गोळा करावा लागतो, ती तिथूनच परत जाईल. निदान कागदावर लिहून घ्या. वेळ घेऊनही तासभर बसावं लागतं. फी ६०० रुपये, काचेची तपासणी २५० रुपये.

आमच्याकडे पोळ्या लाटणारीला सहावा महिना आहे. तिलाही हाच त्रास सुरू झाल्यावर मीच घेऊन गेले. गरोदरपणात पोटातून गोळी नको म्हणून तिला योनीत ठेवायच्या, क्लोट्रिमाझोल या बुरशीच्या औषधाच्या गोळ्या सात रात्रींसाठी दिल्या. त्या दिवशी काउंटरवर तिच्या वतीने मी चिठ्ठी लिहूनच दिली.